झाकली मूठ सव्वा लाखाची : फायरवॉल, मक्तेदारी आणि आपल्या संस्था



विहाराला लागून असलेल्या आमच्या अभ्यासिकेला देणगीतून चौदा संगणक मिळाले, तेव्हा नेटवर्कचे काम करणाऱ्या विक्रेत्याने समितीपुढे एक कोटेशन ठेवले. त्यात एका नामांकित कंपनीचा फायरवॉलचा डबा होता, तीन वर्षांचे लायसन्स होते, जीएसटी होता आणि खाली बेरीज सव्वा लाखाच्या घरात होती. समितीतले एक काका एसटी महामंडळातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये इंजिने खोललेली. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "या डब्याच्या आत आहे तरी काय?" विक्रेता हसून म्हणाला, "काका, ते कंपनीचं सीक्रेट असतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका." काका म्हणाले, "म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची!"

सगळे हसले. पण मार्चअखेर आली होती, देणगीचा खर्च दाखवायचा होता. म्हणून तीनऐवजी एका वर्षाचे लायसन्स घेऊन आम्ही तोच डबा बसवला.

वर्षभराने तीन गोष्टी कळल्या. पहिली, लायसन्स संपताच वेबसाइट गाळण्याची सोय आणि नव्या हल्ल्यांची ताजी यादी, दोन्ही बंद पडल्या. डब्यावरचे दिवे मात्र लुकलुकत राहिले, त्यामुळे आम्हाला वाटत होते की सगळे ठीक आहे. दुसरी, डब्याचा मुख्य पासवर्ड आमच्याकडे कधी दिलाच नव्हता. विक्रेत्याचा माणूस त्याच्या ऑफिसात बसून आमच्या डब्यात शिरत असे आणि कोणत्या संगणकावरून कोणती साइट उघडली गेली, हे त्याला दिसत असे. तिसरी गोष्ट जास्त लागली. जातीय अत्याचारांच्या बातम्या देणारी दोन संकेतस्थळे वर्षभर 'हिंसा' या वर्गवारीखाली बंद होती. ती त्या यादीत कुणी टाकली, कोणत्या निकषावर टाकली, हे विक्रेत्यालाही सांगता आले नाही. यादी कंपनीची, निकष कंपनीचे, आणि आमच्या मुलांनी काय वाचावे याचा निर्णयही कंपनीचाच.

हा लेख त्या डब्याविषयी आहे. कंपनीचा बंद फायरवॉल घ्यायचा की मुक्त स्रोतावर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो अशा सॉफ्टवेअरवर चालणारा उभा करायचा, हा प्रश्न तांत्रिक लोकांचा आहे असे आपण मानतो. माझे म्हणणे असे की हा ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आंबेडकरी चळवळीला परका असूच शकत नाही.

"आपल्याला काय करायचंय?"

काही कार्यकर्ते म्हणतील, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि हे काय फायरवॉल घेऊन बसलात?

पण त्या केसेस आणि त्या शिष्यवृत्त्या आज कुठे आहेत? महाडीबीटीचे अर्ज भरायला मुले अभ्यासिकेतच येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, सगळे त्याच संगणकांवर स्कॅन होते. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात पीडित कुटुंबाचा जबाब, साक्षीदारांची नावे, ते सध्या कुठे राहतात ही माहिती संघटनेच्या कार्यालयातल्या संगणकात असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले आणि पीडित व साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी स्पष्ट झाली. साक्षीदाराचा पत्ता गळतीतून फुटला तर ते कलम कागदावर राहते. गावात बहिष्कार झेलणाऱ्या कुटुंबासाठी 'डेटा लीक' या शब्दाचा अर्थ रात्री दारावर पडलेली लाथ असा असू शकतो.

म्हणून आधी फायरवॉल काय करतो, ते थोडक्यात समजून घेऊ. आपले अंतर्गत नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मधल्या दारावर तो बसतो. माहितीचा प्रत्येक तुकडा कुठून आला, कुठे चालला, कोणत्या पोर्टवर चालला, हे पाहून नियमांच्या यादीप्रमाणे तो आत सोडतो किंवा अडवतो. आतून कुणी विचारणा केली असेल तर त्याचेच उत्तर परत येऊ द्यायचे, बाहेरून आगंतुक आला तर दार बंद, हा मूळ नियम. त्यावर व्हीपीएन, घुसखोरी ओळखणे, साइट गाळणे, कोण कुठे गेले याची नोंद ठेवणे ही कामे चढवलेली असतात.

तो काय करत नाही, तेही सांगितले पाहिजे. एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक कंपनीने २०२१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरच्या साहाय्याने कागदपत्रे बाहेरून घुसवण्यात आली. त्या अहवालानुसार सुरुवात एका ई-मेलपासून झाली. आतल्या माणसाने स्वतः दार उघडले तर कोणताही फायरवॉल, बंद असो की मुक्त, एकट्याने वाचवू शकत नाही. डबा विकणारा हे सांगत नाही. म्हणून आपण एकमेकांना सांगायचे.

आतले इंजिन कुणाचे?

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. डब्याच्या आत आहे काय?

बहुतेक वेळा आत असतो एक साधा संगणक. काही कंपन्या वेग वाढवण्यासाठी स्वतःची खास चिप घालतात, हे खरे. पण त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा पाया बऱ्याचदा लिनक्स किंवा बीएसडी असतो. म्हणजे जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी लिहून सर्वांसाठी खुला केलेला कोड.

२००५ साली जर्मनीत एक प्रकरण गाजले. लिनक्सच्या नेटफिल्टर प्रकल्पावर काम करणारे हाराल्ड वेल्टे यांनी फोर्टिनेट या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात धाव घेतली. आरोप असा की कंपनीने आपल्या फायरवॉलमध्ये लिनक्सचा कोड वापरला, परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, आणि तो वापरल्याचे उघड होऊ नये म्हणून कोड कूटबद्ध करून झाकला. न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम दिला. त्यानंतर कंपनीने समझोता करून मुक्त परवान्याखालील भागांचा कोड उपलब्ध करून देण्याचे मान्य केले.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला हे प्रकरण फार ओळखीचे वाटते. कष्ट एकाचे, मालकी दुसऱ्याची, आणि कष्टाच्या खुणा पुसण्याची खटपट तिसरी. या देशात चामडे कमावणाऱ्याचे, विहीर खणणाऱ्याचे, गावाची वेस राखणाऱ्याचे ज्ञान आणि श्रम असेच वापरले गेले आणि नाव मात्र पाटील-देशमुखांचे लागले. सॉफ्टवेअर कंपनी आणि जातिव्यवस्था एकच आहेत असे मी म्हणत नाही. जर्मनीतला प्रोग्रामर अस्पृश्य नव्हता, त्याला न्यायालयाचे दार उघडे होते. पण श्रम अदृश्य करून मालकी उभी करण्याची रीत ओळखायला आपल्याइतके सराईत डोळे कुणाचे असतील?

झाकलेले म्हणजे सुरक्षित?

विक्रेत्यांचा हुकमी युक्तिवाद असा : कोड उघडा असेल तर चोरालाही वाचता येईल. ऐकायला पटते. पण ऑग्युस्त केर्कहोफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ सालीच गुप्तलेखनाविषयी याच्या उलट तत्त्व मांडले होते. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. कुलपाची रचना कळल्याने जे कुलूप उघडते, ते कुलूपच कच्चे.

आणि अनुभव काय सांगतो? डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपर या मोठ्या कंपनीने स्वतःच जाहीर केले की तिच्या फायरवॉलच्या स्क्रीनओएस या प्रणालीत अनधिकृत कोड सापडला आहे. त्यातून एका ठरावीक पासवर्डने कुणालाही आत शिरता येत होते आणि दुसऱ्या बदलामुळे व्हीपीएनमधला मजकूर उलगडता येण्याची शक्यता होती. हा कोड वर्षानुवर्षे तिथे होता. ग्राहक पैसे भरत होते, नूतनीकरण करत होते आणि मागचे दार उघडेच होते. दुरुस्ती जाहीर झाल्यावर बाहेरच्या संशोधकांनी जुनी-नवी आवृत्ती ताडून काही दिवसांतच तो पासवर्ड शोधला. म्हणजे झाकलेले असूनही ते वाचता येत होतेच. फक्त वाचण्याची संधी ग्राहकाला नव्हती.

आपल्या देशातले उदाहरण अहमदाबादच्या सायबरोमचे आहे. कूटबद्ध वाहतूक तपासता यावी म्हणून अशा डब्याचे स्वतःचे प्रमाणपत्र संगणकात घालावे लागते. २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी दाखवले की सायबरोमच्या सगळ्या डब्यांत एकच प्रमाणपत्र आणि एकच गुप्त किल्ली होती. एका डब्यातली किल्ली काढली की त्याच डब्यावर विसंबणाऱ्या दुसऱ्या संस्थेच्या लोकांची वाहतूक वाचता आली असती. बोभाटा झाल्यावर कंपनीने प्रत्येक डब्याला वेगळी किल्ली देणारी दुरुस्ती काढली. एप्रिल २०२४ मध्ये पालो आल्टोच्या पॅन-ओएसमधल्या त्रुटीला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले आणि दुरुस्ती येण्याआधीच तिचा वापर करून हल्ले सुरू झाले होते.

या कंपन्यांत हुशार अभियंते नाहीत असे नाही. ज्युनिपरने स्वतः कोड तपासला आणि स्वतः जाहीर केले, हेही श्रेय द्यायला हवे. मुद्दा एवढाच की 'महाग आणि झाकलेले म्हणजे सुरक्षित' ही श्रद्धा आहे. पुरावा नाही.

उघडे म्हणजे पवित्र?

इथे आपल्याच बाजूला कठोर व्हायला हवे. एक श्रद्धा सोडून दुसरी धरली तर बुद्धाकडून आपण काहीच शिकलो नाही.

मुक्त कोड सगळे वाचू शकतात याचा अर्थ सगळे वाचतात असा होत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही त्रुटी सापडली. अर्ध्या इंटरनेटचा भार वाहणारा हा प्रकल्प मूठभर लोकांच्या कष्टांवर आणि तुटपुंज्या देणग्यांवर चालला होता, हे तेव्हा जगाला कळले. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात एका अज्ञात व्यक्तीने आधी दीर्घकाळ काम करून विश्वास कमावला आणि मग मागचे दार घातले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते पकडले गेले. फायरवॉलच्याच जगात २०२१ साली पीएफसेन्सच्या मागे असलेल्या नेटगेट कंपनीने लिहून घेतलेला वायरगार्डचा कोड इतका सदोष निघाला की तो फ्रीबीएसडीच्या नव्या आवृत्तीतून आणि पीएफसेन्समधूनही मागे घ्यावा लागला. याच कंपनीने प्रतिस्पर्धी ओपीएनसेन्सच्या नावाचे संकेतस्थळ घेऊन त्यावर त्याची टिंगल केली होती. २०१७ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या लवादाने ते नाव काढून मूळ प्रकल्पाकडे द्यायला लावले. म्हणजे मुक्त स्रोताच्या गावातही भांडणे आहेत, स्वार्थ आहेत.

शिवाय त्या गावाची एक आवडती भाषा आहे : इथे जात, देश, रंग कुणी विचारत नाही, फक्त गुणवत्ता चालते. 'गुणवत्ता' हा शब्द आरक्षणाच्या विरोधात आपल्या तोंडावर किती वेळा फेकला गेला, हे आपल्याला सांगायला नको. दिवसभर मजुरी करून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाकडे फुकट कोड लिहायला मोकळा वेळ, चांगला लॅपटॉप आणि सफाईदार इंग्रजी कुठून येणार? दार उघडे आहे हे खरे, पण दारापर्यंतचा रस्ता सगळ्यांसाठी सारखा नाही. चवदार तळे कायद्याने खुले झाले होते. तरी पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला चालत जावे लागले.

मग फरक कशात आहे? फरक असा की वायरगार्डचा सदोष कोड, एक्सझेडचे मागचे दार, हे कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला दिसले, दाखवता आले आणि दुरुस्त करता आले. आपण वंदनेत धम्माचा एक गुण म्हणतो, एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. मुक्त कोड निर्दोष असल्याची हमी देत नाही. तो पाहण्याचा हक्क देतो.

सोडून जाण्याचा हक्क

दुसरा हक्क त्याहून मोठा आहे. २००३ मध्ये मॅन्युएल कॅस्पर यांनी मोनोवॉल नावाचा छोटा मुक्त फायरवॉल काढला. तो लहान यंत्रांपुरता राहणार असे दिसल्यावर २००४ मध्ये त्याच कोडवरून पीएफसेन्स निघाला. पुढे पीएफसेन्सची दिशा काहींना पटेना, तेव्हा नेदरलँड्समधल्या डेसिसो कंपनीने २०१५ च्या जानेवारीत त्यातून ओपीएनसेन्स वेगळा काढला. त्याच वर्षी मोनोवॉल बंद करताना कॅस्पर यांनी आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सुचवले. २०२१ मध्ये नेटगेटने पीएफसेन्सची 'प्लस' ही बंद आवृत्ती वेगळी केली. ज्यांना ते मान्य नव्हते, त्यांच्यासाठी दुसरे घर आधीच उभे होते.

बंद डब्यात ही सोय नाही. कंपनीने किंमत वाढवली, मॉडेल बंद केले किंवा कंपनीच विकली गेली, तर चालू स्थितीतला डबा भंगारात जातो. सायबरोम २०१४ मध्ये ब्रिटनच्या सोफोसने विकत घेतली. ग्राहकाला कुणी विचारले?

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी केलेली घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा, यांची तुलना सॉफ्टवेअरशी करण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण त्यातून आपण एक राजकीय धडा शिकलो आहोत. जिथून बाहेर पडता येत नाही, तिथे सुधारणेची मागणीही कुणी गांभीर्याने घेत नाही. निघून जाण्याची ताकद असेल तरच आत राहणाऱ्यालाही किंमत असते. खरेदी करताना हा प्रश्न पहिला विचारावा : आपल्याला उद्या इथून बाहेर पडता येईल का?

पैशांचा हिशेब, खरा खरा

मुक्त म्हणजे फुकट, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही जुना डेस्कटॉप घेतला. दुसरे नेटवर्क कार्ड आणि छोटी एसएसडी टाकली, रॅम वाढवली आणि ओपीएनसेन्स बसवला. लायसन्सचा खर्च शून्य. पण जुना डेस्कटॉप वीज खातो. समजा तो छोट्या डब्यापेक्षा ४५ वॅट जास्त घेतो. चोवीस तास, ३६५ दिवस धरले तर वर्षाला सुमारे ३९४ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरले तरी चार हजारांच्या आसपास गेले. पंखा नसलेला छोटा संगणक घेतला तर हा खर्च बराच खाली येतो, पण मग तो विकत घ्यावा लागतो. साइट गाळण्याची कंपनीची यादी जास्त सफाईदार असते, इथे आपल्याला याद्या निवडाव्या आणि सांभाळाव्या लागतात. डबा जळाला तर कंपनी करारानुसार बदलून देते. इथे आपणच सुटे भाग ठेवायचे. आणि शिकणाऱ्या माणसाचा वेळ हाही खर्च आहे. तो 'सेवाभाव' म्हणून फुकट धरायचा नाही. चळवळीने कार्यकर्त्यांचे श्रम फुकट धरले, याची किंमत आपण पुष्कळ मोजली आहे.

म्हणून जिल्हा रुग्णालय, बँक, शेकडो लोकांचे कार्यालय अशा ठिकाणी चोवीस तास जबाबदार असणारी सेवा हवी असेल आणि त्यासाठी कंपनीचा डबा घेतला, तर मी त्याला पाप म्हणणार नाही. मुक्त फायरवॉललाही पैसे देऊन सेवा घेता येते, हा पर्याय मात्र निविदेत असलाच पाहिजे. अनेक निविदांत अमुक खासगी संस्थेच्या क्रमवारीत कंपनी वरच्या चौकटीत असावी, अशी अट दिसते. ही अट घातली की स्पर्धा सुरू होण्याआधीच संपते. भारत सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामात मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. केरळच्या सरकारी शाळा तर त्याआधीपासून मुक्त प्रणाली वापरत आहेत. धोरण आहे, अंमलबजावणी विचारणारे आपण नाही.

आमची चूक

आता सगळ्यात अवघड भाग. ओपीएनसेन्स बसवला तो आमच्याच अभ्यासिकेतल्या एका मुलाने. आयटीआय झालेला, यूट्यूब बघत बघत शिकलेला. आम्हाला त्याचा फार अभिमान. काहीही झाले की, "दादाला फोन लावा." वर्षभर सगळे छान चालले. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. आनंदच झाला. दोन महिन्यांनी वीज गेली आणि आली, इंटरनेट मात्र आले नाही. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. त्याची ड्युटी रात्रपाळीची, फोन बंद. त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. मुले सायबर कॅफेत पैसे भरून अर्ज भरत होती आणि आमचा 'मुक्त' फायरवॉल कोपऱ्यात दिवे लुकलुकवत होता.

तो मुलगा रविवारी येऊन दुरुस्त करून गेला. जाताना म्हणाला, "ताई, मी कुणाला शिकवलंच नाही. कुणी विचारलं पण नाही." दोन्ही वाक्ये खरी होती. कंपनीची मूठ सोडवून आम्ही तीच मूठ आपल्या मुलाच्या हातात बंद केली होती. विक्रेत्याच्या डब्यात आणि आमच्या डब्यात त्या आठवड्यात फरक राहिला नव्हता.

महापरिनिब्बान सुत्तात भगवंत आनंदला सांगतात की त्यांनी धम्म शिकवताना आतले आणि बाहेरचे असा भेद केला नाही, काही राखून ठेवणाऱ्या आचार्याची मूठ त्यांच्याजवळ नाही. पालीत त्याला आचरियमुट्ठि म्हणतात. बंद मूठ फक्त कंपनीची नसते. ती हुशार कार्यकर्त्याची असते, घटनेचा एकट्यानेच अभ्यास केलेल्या वक्त्याची असते, संस्थेचे कागद घरच्या कपाटात ठेवणाऱ्या अध्यक्षाची असते. कोडचा परवाना मुक्त असून भागत नाही. ज्ञान वाटले गेले पाहिजे.

मग करायचे काय?

माझी भूमिका स्पष्ट आहे. आपल्या अभ्यासिका, वसतिगृहे, संघटनांची कार्यालये, छोट्या शाळा यांनी मुक्त स्रोतावरचाच फायरवॉल वापरावा. पण तीन अटींवर.

पहिली अट, शिकलेली किमान तीन माणसे असावीत आणि त्यांत किमान एक मुलगी असावी. मुलींच्या वसतिगृहात कोण कुठली साइट पाहते याची नोंद पुरुषाच्या हातात असणे हा स्वतंत्र धोका आहे. ती नोंद कुणी पाहायची, किती दिवस ठेवायची, हे समितीच्या ठरावात लिहून घ्यावे.

दुसरी अट, एक वही असावी, मराठीत. कोणती वायर कुठे, कोणता नियम का घातला, बंद पडला तर काय करायचे, सगळे त्यात. ओपीएनसेन्सची सगळी मांडणी एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन, मुख्य पासवर्ड बंद पाकिटात घालून, दोन्ही समितीच्या कपाटात कुलपात ठेवावे.

तिसरी अट, तारीख ठरलेली असावी. आम्ही पौर्णिमा धरली आहे. वंदनेला सगळे जमतातच. त्या दिवशी अपडेट तपासायचे, मांडणीची प्रत काढायची आणि तिघांपैकी ज्याची पाळी असेल त्याने बाकीच्यांसमोर ते करून दाखवायचे. मधल्या काळात तातडीचे अपडेट आले तर पौर्णिमेची वाट पाहायची नाही. २०२१ मध्ये फोर्टिनेटच्या सुमारे ८७ हजार डब्यांचे लॉगिन तपशील उघड झाले. ज्या त्रुटीतून ते चोरले गेले, तिची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती. दुरुस्ती घरात येऊन पडते, लावणारा हात लागतो. हा नियम बंद आणि मुक्त दोघांनाही सारखा.

आणि जिथे शासनाचा पैसा आहे, सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे असोत की समाजाच्या नावाने चालणारी महाविद्यालये, तिथे माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारा. नेटवर्कच्या कोणत्या उपकरणांवर आणि लायसन्सवर पाच वर्षांत किती खर्च झाला? आज ती लायसन्स चालू आहेत का? मुख्य पासवर्ड संस्थेकडे आहे की विक्रेत्याकडे? कर्मचाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले का? पासवर्ड स्वतः मागू नका, तो कुणाकडे आहे एवढेच विचारा. उत्तरे आली की खरेदीचे खरे रूप दिसेल.

आपल्या वस्त्यांतली शेकडो मुले आज नेटवर्किंगची कामे करतात. वायरी ओढतात, शिडीवर चढतात, दुसऱ्याचे डबे भिंतीवर ठोकतात. डब्याच्या आत काय आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण ओढणारे हात वेगळे आणि जाणणारी डोकी वेगळी असली की धंदा सोपा जातो. जात म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. ती विभागणी नव्या यंत्रांच्या खोलीत पुन्हा उभी राहू द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

परवाच्या पौर्णिमेला पाळी बारावीतल्या एका मुलीची होती. तिने अपडेट लावले, फायरवॉल पुन्हा सुरू झाला, इंटरनेट आले. एसटीतले काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी डेस्कटॉपचे झाकण काढायला लावले आणि विचारले, "हे कार्ड काय करतं?" तिने सांगितले. मग दुसरे विचारले. तेही तिने सांगितले.

जय भीम! नमो बुद्धाय!